आधी काटा तपास

पोरी, ऑप्टिमिस्ट होड्यांच्या असोसिएशनच्या कपाटाची किल्ली आता तुझ्याकडे आली. वर्गणी, वेळापत्रक, ट्रॉफ्या तू निभावशीलच. कस लागतो तो मोजमापाच्या दिवशी, म्हणून तेवढंच सांगते.

ही होडी नाकाशी चौकोनी का, ठाऊक आहे? 1947 साली फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला क्लार्क मिल्सनं ती आखली, आठ फुटी प्लायवूडमधून निघेल अशी. पोरांना स्वस्तात शर्यत खेळता यावी, एवढाच हेतू. कुणी नवी सवलत मागायला आलं की स्वतःला विचार, यानं शर्यत पोरांची राहील की बापाच्या खिशाची होईल? निम्मे वाद तिथेच मिटतात.

होडीआधी काटा तपास. हलचं वजन किमान 35 किलो हवं. एका वर्षी मी एका मुलाची होडी चारशे ग्रॅमनं कमी म्हणून बाजूला काढली. दुपारी कळलं, काट्याचा एक पाय मऊ मातीत रुतला होता. पोराची पहिली रेस गेली ती गेलीच. तेव्हापासून फरशी सपाट बघते आणि दर तासाला माहीत असलेलं वजन ठेवून पाहते.

ओली होडी काट्यावर चढवू नकोस. पाणी प्यालेली होडी जड भरते आणि हलकी होडी पास होऊन जाते. आदल्या दिवशी उलटी करून सुकवायला लाव. सुकल्यावर खरंच कमी भरली, तर नियमात सांगितलेल्या जागी भरपाईचं वजन पक्कं बसवून घे आणि त्याची नोंद कर.

शीड खडबडीत जमिनीवर नव्हे, गुळगुळीत फरशीवर पसर. सुरकुत्या जातील इतकंच ताण. कापड ओढशील तितकं वाढतं. टेप स्टीलचा, आणि सगळ्यांना तोच.

नियम वाचायची रीत वेगळी आहे. 'हे करू नका असं कुठे लिहिलंय?' असं पालक विचारतील. या क्लासमध्ये मुभा लिहिलेली नसेल तर ती नाही. पण अर्थ दोन निघत असतील तर स्वतःचा अर्थ लादू नकोस, प्रश्न लिहून वर पाठव. रेगाटाच्या सकाळी, तोंडी, ओळखीखातर नियम बदलणं तर मुळीच नको.

झीज आणि चलाखी यांत फरक कर. दगडावर घासून डॅगरबोर्डची कड गेली, वेग काही वाढला नाही, तर पोराला शिक्षा नको; पुढच्या रेसआधी दुरुस्त करायला लाव. मुद्दाम तासलेली कड मात्र लपत नाही, बोट फिरवलंस की कळते.

पेंटरचा दोर विसरू नकोस. तरंगणारा, किमान आठ मीटर, पाच मिलिमीटर जाडीचा. पालकांना तो फालतू वाटतो. संध्याकाळी वारा पडतो, ओहोटी लागते आणि सगळ्या होड्या माळेसारख्या ओढून आणाव्या लागतात, तेव्हा त्याची किंमत कळते. पाणी उपसायचा बेलरही होडीला बांधलेलाच हवा. सुटा बेलर होडी उलटली की आधी पळतो.

सर्टिफिकेट आणि होडी नियमात ठेवणं मालकाचं काम. तू फक्त तपासतेस. हे हंगामाच्या पहिल्याच बैठकीत सांग, म्हणजे नंतर कुणी तुझ्या नावानं खडे फोडणार नाही.

आणि तुझा भाचा या हंगामात उतरतोय ना? त्याची होडी सर्वांत आधी, सर्वांसमोर, दुसऱ्याच्या हातून मोजून घे.

काटा खालच्या कप्प्यात आहे. शेजारची दहा-दहा किलोची दोन वजनं दाराला टेकू म्हणून वापरू नकोस. त्या पोराची रेस मला अजून आठवते.