आहारशास्त्राची पदवी : पारख कशी करावी?

धान्याच्या व्यापारात वारदानावरील छाप पाहून कोणी माल घेत नाही. पोत्यातून नमुना काढावा, तळहातावर पसरावा, दाणा, ओलावा व खडा पाहावा आणि मगच भाव बोलावा, ही आपली पिढीजात रीत होय. परंतु मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आला म्हणजे हीच रीत आपण बाजूस ठेवतो आणि माहितीपुस्तिकेतील चित्रे पाहून शुल्क भरून मोकळे होतो. आपल्या सभासदांच्या कुटुंबांतील मुली, व काही मुलगेही, आता आहारशास्त्राच्या पदवीकडे वळू लागले आहेत. ही गोष्ट आम्हांस स्वागतार्ह वाटते. म्हणूनच अशा अभ्यासक्रमाची पारख कोणत्या कसोट्यांवर करावी, याचा येथे क्रमाने विचार करू.

आहारशास्त्र म्हणजे केवळ पाककला, असा समज अद्याप पुष्कळ घरांत आहे. वस्तुतः या शास्त्राचा आपल्या धंद्याशी निकटचा संबंध आहे. १९१८ साली कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरी रोगाच्या संशोधनासाठी एका लहानशा प्रयोगशाळेत कार्य आरंभिले. गिरणीत तांदळास फार पॉलिश केले असता कोंड्याबरोबर ‘ब-१’ जीवनसत्त्व निघून जाते आणि केवळ तशा भातावर राहणाऱ्यास हा रोग जडतो. तेच कार्य १९५८ साली आमच्या हैदराबादेस आले. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. तिने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. जे धान्य आपण तोलून देतो, त्याचे अंतरंग हे शास्त्र सांगते.

पहिली कसोटी मान्यतेची. पदवी देणारे विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे किंवा नाही, हे प्रथम पाहावे. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांचा समावेश त्यात आहे. कायद्यातील ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’च्या व्याख्येत किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत विभागलेली पदवी धरली आहे. तेव्हा अभ्यासक्रम किती तासांचा, हे लेखी विचारावे. तसेच जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून हे विषय दूरस्थ वा ऑनलाईन पद्धतीने शिकवण्यास अनुदान आयोगाने मनाई केली आहे. घरबसल्या पदवी देऊ करणाऱ्या जाहिरातींपासून म्हणूनच सावध असावे.

दुसरी कसोटी विषयांची. रसायन, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र व संख्याशास्त्र हा या शिक्षणाचा पाया होय. डाळ व भात एकत्र का खावेत, याचे शास्त्रीय उत्तर विद्यार्थिनीस देता आले पाहिजे. तांदळात लायसीन हे अमिनो आम्ल कमी, तर डाळीत ते भरपूर. डाळीत मिथिओनीन कमी, ते तांदूळ पुरवतो. नुसत्या पाककृती व सजावट यांवरच भर देणारा अभ्यासक्रम हलका समजावा.

तिसरी कसोटी प्रत्यक्ष कामाची. प्रयोगशाळा स्वतः पाहावी. कोणत्या रुग्णालयात, किती आठवडे व कोणाच्या देखरेखीखाली काम करावयाचे, हेही विचारावे. आपल्या कुटुंबांनी आणखी एक प्रश्न संकोच न करता विचारावा : प्रात्यक्षिकात अंडी वा मांस हाताळणे अनिवार्य आहे काय, की पर्याय मिळतो? प्रवेशापूर्वी हे स्पष्ट झाले, म्हणजे मुलीस पुढे धर्मसंकटात पडावे लागत नाही.

चौथी कसोटी पुढील वाटेची. ज्या कामासाठी शिकावयाचे, त्याचे दार ही पदवी उघडते काय? ज्या सभासदांची मुले अमेरिकेत स्थायिक आहेत, त्यांनी तर हे अधिकच ध्यानात घ्यावे. तेथील कम्युनिटी कॉलेजातील शिक्षण स्वस्त असते व दोन वर्षांत ‘असोसिएट’ पदवी मिळते. अभ्यासक्रमास तेथील ‘एसेंड’ या संस्थेची मान्यता असल्यास त्यातून आहार-तंत्रज्ञाची परीक्षा देता येते. मात्र नोंदणीकृत आहारतज्ज्ञाच्या परीक्षेसाठी १ जानेवारी २०२४ पासून किमान पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली आहे. म्हणून या दोन वर्षांचे श्रेयांक पुढील विद्यापीठ कितपत ग्राह्य धरील, हे आधीच लेखी घ्यावे. पहिली पायरी म्हणून असे कॉलेज उत्तम. परंतु पायरीलाच माडी समजू नये.

कोणी म्हणेल, इतकी चिकित्सा कशासाठी? कारण येथे अर्धवट ज्ञानाची किंमत रुग्ण मोजतो. शहाळ्याचे पाणी आपण निर्दोष मानतो. पण त्यात पोटॅशियम पुष्कळ असते आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णास ते घातक ठरू शकते. मधुमेह्याच्या आहारात एकाएकी केलेला बदल औषधाच्या मात्रेशी जुळला नाही, तर त्याची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. हिणकस माल परत घेता येतो. चुकीचा सल्ला परत घेता येत नाही.

तात्पर्य, मान्यता, विषय, प्रत्यक्ष काम व पुढील वाट, या चार गोष्टी कागदावर लिहून महाविद्यालयात जावे आणि मुलीस सोबत न्यावे. प्रश्न तिनेच विचारावेत, आपण ऐकावे. उत्तर देण्यास जी संस्था टाळाटाळ करील, तेथील सौदा मोडावा. जी आनंदाने प्रयोगशाळेचे दार उघडील, तेथे शुल्क थोडे अधिक पडले तरी भरावे.