कमी मशागतीची रब्बी ज्वारी : नत्र किती आणि कोठे?



औंढा नागनाथ तालुक्यातील शिरड शहापूरसारख्या गावांत सोयाबीन निघते तेव्हा काळ्या रानात ओल असते. कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात साधावी लागते. सोयाबीननंतर रान नांगरून, ढेकळे फोडून तयार होईपर्यंत ही मुदत टळते, डिझेल जळते आणि वरची ओल उडून जाते. म्हणून अशा रानात नांगरट टाळून वखराची एक पाळी द्यावी व लगेच पेरणी करावी. काळी जमीन वाळताना भेगाळते आणि पावसाने पुन्हा फुगते. त्यामुळे ती बऱ्याच अंशी आपोआप मोकळी होते.

मात्र मशागत कमी केली की नत्राचा विचार बदलावा लागतो. त्याची कारणे दोन आहेत.

१) न नांगरलेल्या जमिनीत सेंद्रिय पदार्थ सावकाश कुजतात, त्यामुळे सुरुवातीला नत्र कमी सुटते. गव्हाच्या काडात सुमारे ८० भाग कर्बामागे १ भाग नत्र असते. असे काड कुजविताना जिवाणू जमिनीतील नत्र स्वतःसाठी वापरतात आणि कोवळे पीक पिवळे पडते. सोयाबीनचा पाला त्या मानाने लवकर कुजतो.

२) पालापाचोळ्यावर फेकलेल्या युरियाचा अमोनिया वायू होऊन हवेत जातो. आपल्या चुनखडीयुक्त, विम्ल जमिनीत हे नुकसान अधिक होते.

यावर उपाय म्हणजे खत फोकून न देता दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याखाली ओलीत पेरून द्यावे. मध्यम जमिनीत कोरडवाहू ज्वारीस हेक्टरी ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद पेरणीच्या वेळीच द्यावे. यासाठी एकरी २०:२०:० हे खत ४० किलो व युरिया साडेसतरा किलो लागतो. बागायती ज्वारीस हेक्टरी ८० किलो नत्र दोन हप्त्यांत द्यावे. अर्धे पेरणीवेळी आणि अर्धे एक महिन्याने, पाळीच्या पाण्याआधी द्यावे.

एकरी ४ किलो बियाणे वापरावे. काणी रोगासाठी किलोस ४ ग्रॅम गंधक चोळावे. नंतर ॲझोटोबॅक्टर लावावे. तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. भेगा बुजल्या की ओल टिकते.

हरळी, कुंदा किंवा लव्हाळा माजलेल्या रानात मात्र हा मार्ग धरू नये. तेथे आधी उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा वेचाव्यात.

सर्व रान एकदम बदलू नये. यंदा अर्धा एकर कमी मशागतीवर पेरावा, शेजारी नेहमीची पेरणी ठेवावी. दोन्हींचा खर्च, कडबा व धान्य मोजून लिहून ठेवावे. खालची पाने शेंड्याकडून पिवळी पडू लागली तर नत्र कमी पडले असे समजावे. माती परीक्षणानुसार पुढील वर्षी मात्रा ठरवावी. आपल्या रानाचा हिशेब आपल्याच वहीत असावा.