आठवड्याचा बाजार व घरचा हिशेब

नागपूर शहरात इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी अशी वस्त्यांची नावे आहेत, हे वाचकांस ठाऊक आहेच. ज्या वारी जेथे बाजार भरे, त्या वाराचे नाव त्या जागेस चिकटले. मंगळवारी व शुक्रवारी तर जुनी आणि नवी अशा दोन दोन आहेत. आता बाजार रोजच उघडा असतो. तरी मजुरीवर चालणाऱ्या घराचा व्यवहार अद्याप वारावरच चालतो. मजुरी शनिवारी हाती येते, बाजार रविवारी होतो, आणि बुधवार उलटला म्हणजे डबे वाजू लागतात. गुरुवार व शुक्रवार ह्या दोन दिवसांविषयी आम्हांस ह्या धड्यात बोलावयाचे आहे.

कित्येक म्हणतात, "मिळकतच जेथे तोकडी, तेथे हिशेब कसला लिहावयाचा? हिशेब सावकाराने लिहावा." आमचे मत ह्याच्या उलट आहे. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली असे दाखविले की, घर जितके गरीब तितका त्याच्या मिळकतीचा मोठा हिस्सा अन्नावर खर्च होतो. मुंबईच्या मजूर कचेरीने १९२१-२२ साली तेथील कामगारांच्या सुमारे अडीच हजार कुटुंबांचा जमाखर्च पाहिला, तेव्हा शंभर रुपयांतील जवळजवळ सत्तावन्न रुपये अन्नाकडे जात असल्याचे आढळले. भारत सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे खेड्यांत हा आकडा सत्तेचाळीसच्या व शहरांत चाळीसच्या आसपास आहे. अर्थात ज्याचा निम्मा पैसा किराण्यात व भाजीत जातो, त्याची एक चूक श्रीमंताच्या दहा चुकांइतकी महाग पडते. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली. अन्नावरील खर्चात सर्वांत मोठा वाटा धान्याचा नव्हता, डाळीचाही नव्हता. चहा इत्यादी पेये, फराळ व तयार पदार्थ ह्यांचा होता.

तर मग घरास लागते किती, हे प्रथम पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात दोन हजार उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटासाठी २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी व कडधान्ये, आणि २७ ग्रॅम तेल-तूप धरले आहे. भाज्या, फळे व दूध निराळे. पाच माणसांच्या घरास सात दिवसांकरिता हा गुणाकार केला, तर धान्य पावणेनऊ किलो, डाळ सुमारे तीन किलो व तेल एक लिटरच्या पिशवीएवढे होते. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्यास धान्य ह्याहून अधिक लागेल व लहान मुलास कमी. परंतु अंदाजास हे माप पुरे आहे.

आता रेशन पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबांस दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळते (अंत्योदय कुटुंबांस घरामागे पस्तीस किलो), व १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच माणसांचे पंचवीस किलो म्हणजे आठवड्याचे पावणेसहा किलोंच्या आसपास. तीन किलो कमी पडले, ते विकत घ्यावयाचे. परंतु कायद्याच्या ह्या शिध्यात डाळ नाही, तेल नाही, मीठमिरची नाही. म्हणून बाजारात नेलेल्या पैशाचे पहिले मानकरी डाळ व तेल असावेत, अशी आमची सूचना आहे. बिस्किटाचा पुडा व साबणाची वडी मागाहून. आमच्या पाहण्यात बहुधा उलट होते. पोरे बरोबर असतात, पहिले दुकान फराळाचे लागते, आणि डाळीच्या दुकानाशी येईपर्यंत नोट मोडलेली असते.

आमच्या परिचयाच्या एका घराची हकीकत सांगतो. पती गवंडीकाम करी, पत्नी लोकांच्या शेतात निंदणाला जाई, तीन मुले. गुरुवारपासून तेल संपे. मग दहा-दहा रुपयांची लहान पुडी येई, आणि तीही उधारीने. त्या बाईंस आम्ही विनंती केली की, चार आठवडे काही बदलू नका, केवळ लिहा. शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलीने वही धरली. ती मुलगी प्रामाणिक निघाली. तिने बापाचा खर्राही लिहिला.

खर्रा म्हणजे काय हे विदर्भात कोणास सांगावयास नको. समजा, एक पुडी वीस रुपयांची व दिवसास तीन पुड्या. आठवड्याचे चारशे वीस रुपये झाले. समजा, तुरीची डाळ एकशे चाळीस रुपये किलो. चारशे वीस रुपयांत तीन किलो डाळ येते. ज्याने त्याने आपल्या गावचा भाव घालून पाहावा. त्या घरी आठवड्यास जेवढी डाळ शिजावयास हवी होती, तेवढ्याच मोलाचा जिन्नस बाप गालात धरून थुंकीत होता. सुपारी-तंबाखूने तोंड उघडेनासे होते व पुढे कर्करोग होऊ शकतो, ती हानी निराळीच.

वहीत आणखी एक गोष्ट होती, व ती वाचून आम्हांस अधिक वाईट वाटले. कोणी सांगितले नसता मुलीने "आज आईने काय खाल्ले" हेही लिहिले होते. गुरुवारी व शुक्रवारी तेथे बहुधा भाकर व मिरची एवढेच होते. वरण बापास व मुलांस पुरे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकी चोपन्न रक्तक्षयी आढळल्या. आमच्या समजुतीप्रमाणे त्याची कारणे अनेक आहेत. परंतु हिशेब न जमल्याची तूट घरात कोण भरून काढते, हे त्या वहीत स्पष्ट दिसले. बापाने ती पाने वाचली. तो काही बोलला नाही. त्याचा खर्रा सुटला असे आम्ही म्हणत नाही. तीन पुड्यांची एक झाली, एवढे खरे.

दुसरी गोष्ट वर्षाच्या वाट्याची. आपल्याकडे तूर संक्रांतीच्या मागेपुढे निघते, मिरची उन्हाळ्याच्या तोंडी येते. त्या वेळी जो घेतो त्यास बहुधा स्वस्त पडते. भिवापूरच्या मिरचीची प्रसिद्धी आम्ही वर्णावयास नको. परंतु त्या वेळी एकदम पैसा कोठून आणावा? दर आठवड्यास साठ रुपये निराळ्या डब्यात पडले, तर बावन्न आठवड्यांत ३,१२० रुपये होतात. तेवढ्यात वर्षाची नाही तरी काही आठवड्यांची डाळ भरता येईल. एरंडेल चोळून, उन्हे देऊन ठेवलेली डाळ पावसाळ्यात किडत नाही, हे आमच्या आज्यांस चांगले ठाऊक होते. थंडीत भाजी स्वस्त असते तेव्हा पालक घालून डाळभाजी अधिक वेळा करावी; जेठाच्या कडक उन्हात भाजी महागते, तेव्हा वड्या व सांडगे आहेतच. संध्याकाळी उतरत्या बाजारात भाजी स्वस्त मिळते खरी, परंतु सुकलेली दोन किलो घेऊन अर्धी फेकणाऱ्याने आपण काय वाचविले ते पाहावे.

राहिली उधारी. दुकानदारास आम्ही दोष देत नाही. अडीअडचणीत तोच उभा राहतो. पण ज्याच्या वहीत आपले नाव आहे, त्याच्याशी भाव करण्यास जीभ वळत नाही, व दुसऱ्या दुकानी जाण्यास पाय वळत नाहीत. शिवाय लहान पुडीचा किलोमागे भाव मोठ्या पिशवीहून बहुधा जास्त पडतो. वेष्टणावर छापलेल्या किमतीस वजनाने भागून पाहावे, शाळेतील मूल हे सहज करील. उधार आणलेच, तर त्याच दिवशी आपल्या वहीतही जिन्नस, वजन व रक्कम लिहावी, आणि रविवारी पैसे मोजण्यापूर्वी दोन्ही वह्या दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवून ताडून घ्याव्यात.