जुन्यांच्या तोंडचे शब्द

मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात भगवान बुद्धांनी भाषेविषयी एक साधे उदाहरण दिले आहे. एकाच भांड्याला कोणत्या जनपदात ‘पाती’ म्हणतात, कोठे ‘पत्त’, तर कोठे ‘सराव’. आपल्याच जनपदाचा शब्द तेवढा खरा, असा हट्ट भिक्खूने धरू नये, असे तेथे सांगितले आहे. प्रदेशाबाबत सांगितलेली ही गोष्ट पिढ्यांनाही लागू पडते, असे आम्हांस वाटते. पालकभेटीच्या दिवशी एखादे आजोबा “सोळा आणे खरं” असे म्हणतात आणि नातवंडे एकमेकांकडे पाहून हसतात. हा पाठ त्या हसण्यावर आहे.

रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार आणि पैशाच्या पै तीन, असा पूर्वीचा हिशेब होता. म्हणून पूर्ण खरे ते सोळा आणे खरे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तरी पंचवीस पैशांना लोक चार आणेच म्हणत राहिले. ते नाणेही २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला मात्र अजून म्हणीत आहेत. वेळेचेही असेच. ‘कासराभर दिवस वर आला’ यातील कासरा म्हणजे बैलाला बांधावयाची दोरी. सूर्य क्षितिजापासून तेवढा वर आला, हे घड्याळ नसलेल्या शेतकऱ्याचे माप. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आज ‘पहिली शिफ्ट सुटली’ असे म्हणून वेळ सांगतात. आणखी पन्नास वर्षांनी त्यालाही कोणी हसेल.

परंतु काही शब्द असे हसून सोडण्याजोगे नाहीत. लोकलगाड्या बंद पडल्या की ‘प्रवाशांना वेठीस धरले’ अशी ओळ वर्तमानपत्रात हमखास येते. लिहिणाऱ्याच्या मनात गैरसोय एवढाच अर्थ असतो. आपल्या जिल्ह्यातील वृद्ध वारल्याला मात्र ‘वेठ’ हा शब्द वेगळाच ऐकू येतो. जमीनदाराने बोलावले की आपले शेत तसेच टाकून त्याच्या शेतावर फुकट राबावयाचे, ही वेठ. लग्नासाठी कर्ज काढले आणि ते फेडण्यासाठी सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे, बहुधा बायकोसह, राबत राहिला तो ‘लग्नगडी’. लग्नासारख्या आनंदाच्या शब्दाला गुलामीची शेपटी जोडलेली आमच्या पाहण्यात दुसरी नाही. १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील डहाणू व उंबरगाव तालुक्यांत वारल्यांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली ही वेठ नाकारली. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात तो लढा वाचावयास मिळतो. त्या ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने संविधानाचा मसुदा केला. त्यातील तेविसाव्या अनुच्छेदाने सक्तीच्या श्रमाला मनाई केली. त्याच्या मूळ इंग्रजी मजकुरातही ‘बेगार’ हा आपल्याकडचा शब्द तसाच ठेवलेला आहे. तो अनुच्छेद शिकताना आजीला ‘वेठ’ म्हणजे काय, हे एकदा विचारावे. उत्तर पाठ्यपुस्तकाहून लांब येईल.

‘जोहार’ या शब्दाची गोष्ट याहून अवघड आहे. संतांच्या रचनांत जोहार हा महाराने गावापुढे वाकून करावयाचा नमस्कार म्हणून येतो. तो शब्द आपल्या समाजाने जाणीवपूर्वक टाकला आणि ताठ मानेने ‘जय भीम’ म्हटले. तो शब्द पुन्हा तोंडी येऊ नये, असेच आमचे मत आहे. पण तो का टाकला, हे मुलांना ठाऊक असले पाहिजे. आणि येथेच घाई नको. जव्हार, विक्रमगड, डहाणूकडून आलेला आपला आदिवासी सोबती ‘जोहार’ म्हणतो, तेव्हा तो कोणापुढे वाकत नसतो. तो त्याच्या समाजाचा अभिमानाचा नमस्कार आहे. दोघे एकाच खोलीत राहतात, एकाच ताटलीतले चणे खातात. एकाच्या आजोबांनी जो शब्द टाकला तोच दुसऱ्याच्या आजोबांनी जपला. ‘जोहार’ला जोहार आणि ‘जय भीम’ला जय भीम असे उत्तर देण्यास कोणाचीच हरकत नसावी.

दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील वडीलधाऱ्यांकडून दहा शब्द लिहून आणावेत. शब्दापुढे गावाचे नाव, तो कोणत्या प्रसंगी वापरीत आणि आता का वापरीत नाहीत, एवढे लिहावे. उच्चार ऐकू येईल तसाच उतरवावा, शुद्ध करू नये. सांगणारे एखाद्या शब्दाशी थांबले, तर पुढचा प्रश्न लगेच विचारू नये.