कोल्हापुरात जेवायला येताय तर

अरे बाळा, पुण्याचे चार मित्र घेऊन येतोयस, तर गाडीचं तिकीट काढायच्या आधी वार बघ. आमच्याकडं मटणाचे वार बुधवार, शुक्रवार आणि रविवार. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी कितीतरी घरांत मटण शिजत नाही. खाणावळी उघड्या असतात, पण मला तुम्हाला घरी वाढता यायचं नाही. श्रावण आणि नवरात्र टाळ. आषाढ साधला तर उत्तमच. त्या महिन्यात मंगळवारी-शुक्रवारी त्र्यंबोलीची यात्रा असते. पंचगंगेचं नवं पाणी पी-ढबाक वाद्यांच्या गजरात त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या टेकडीवर नेतात आणि गल्लोगल्ली मटणाची पातेली चुलीवर चढतात. कोल्हापूर खरं जेवतं ते तेव्हा.

मिसळ मात्र सकाळचीच. उद्यमनगरात फडतऱ्यांकडं जा नाहीतर कसबा बावड्यात, पण सकाळी लवकर पोच, उन्हं चढल्यावर नको. पावाऐवजी स्लाइस ब्रेड येईल, त्यावरून मित्रांनी नाक मुरडू नये. ब्रेड मिसळीचा कट, म्हणजे तिखट रस्सा, कसा शोषून घेतो ते एकदा खाऊन बघा. कट एकदम वर ओतून घ्यायचा नाही. आधी मटकी-बटाट्याची चव बघायची, मग बेताबेतानं घ्यायचा.

आता मटण. इथं घाई करणाऱ्याला काही कळत नाही. मटणाला आलं-लसूण आणि मीठ लावून, थोड्या तेलात परतून, वर झाकणात पाणी ठेवून ते बेतानं शिजवायचं. त्याचं जे पाणी निघतं ते अळणी. घरातल्या लहान पोराला पहिल्यांदा मटणाची चव देतात ती या अळणीची, आजाऱ्याला ताकद यावी म्हणूनही तीच. याच अळणीत खसखस, काजू, तिळाचं वाटण, खडा मसाला आणि नारळाचं दूध पडलं की पांढरा रस्सा झाला. पांढऱ्यात हळद नाही आणि लाल तिखटही नाही. नारळाचं दूध घातल्यावर खळखळ उकळू द्यायचा नाही, नाहीतर फुटतो. पाहुण्यांना उशीर झाला म्हणून पांढरा पुन्हापुन्हा तापवणाऱ्या माणसाच्या हाती मी पळी देत नाही.

तांबड्या रश्श्याचा जीव चटणीत. उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी मिरची, शिवाय धणे, जिरे, सुकं खोबरं, गरम मसाला, तळलेला कांदा आणि भरपूर लसूण. सगळं भाजून डंकावर कांडून आणायचं. त्या दिवसांत डंकाच्या गल्लीतून नाकाला रुमाल लावूनच जावं लागतं. ताटातला तांबडा लालभडक दिसतो तो बराचसा ब्याडगीमुळं, म्हणून रंगाला घाबरू नका. नुसता जाळ लागून चव लागत नसेल, तर तो तांबडा बिघडलेला समजा.

ताट समोर आलं की पांढऱ्याची वाटी आधी तोंडाला लावायची. पोट उबदार झालं की ज्वारीची भाकरी आणि सुकं मटण. मग भाकरी कुस्करून त्यावर तांबडा. शेवटी भात आणि पुन्हा पांढरा. बहुतेक खाणावळींत रस्सा मागाल तितका वाढतात, सुकं मात्र मोजून, म्हणून ते सगळं पहिल्या भाकरीलाच संपवू नका. तिखट लागलं तर घटाघटा पाणी पिऊन उपयोग नाही. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो, म्हणून पांढऱ्याचाच घोट घ्या. क्रमाचं म्हणाल तर इटलीतही पास्ता आधी आणि मटण-मासळी मागून येते, दुधाची कॉफी सकाळीच प्यायची असते. आपल्या ताटालाही तसा क्रम आहे, तो पाळला तरच दोन्ही रश्श्यांचं नातं जिभेला कळतं.

एखादा मित्र शाकाहारी असेल तर त्याला व्हेज कोल्हापुरी मागू देऊ नकोस. तो पदार्थ बाहेरगावच्या मेनूकार्डावरचा, आमच्या घरांत तो शिजत नाही. त्याला आख्खा मसूर खायला घाल, सोबत खर्डा आणि दही. पन्हाळ्यावर गेलात तर बायका झुणका-भाकर करून देतात, ती चुकवू नये.

संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर जा. म्हैस समोर बांधलेली असते, फेसाळता पेला धारेखालून थेट हातात येतो. तालमीतल्या पैलवानांचं हे गाव आहे, इथं दुधाला मान आहे. ज्याला कच्चं दूध सोसत नाही त्यानं मात्र भिडेखातर पिऊ नये.

जाताना गूळ न्या. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली ती या गुळाच्या व्यापारासाठी, आणि 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. पिवळाधमक दिसतो म्हणून भुलू नका, थोडा गडद घ्या. दिवाळीनंतर आलात तर एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन गरम काकवीही चाखता येईल.

रविवारी येणार असाल तर शनिवारी दुपारपर्यंत मला फोन कर. किती माणसं ते नीट सांग, कारण रविवारी मटणाच्या दुकानापुढं सकाळी सातलाच रांग लागलेली असते.