स्टिअरिंग थरथरते, तेव्हा गाडी काय सांगते?



होळी जवळ आली की तोडणीच्या मंडळींना गावची ओढ लागते. काठीची राजवाडी होळी चुकवायची नाही म्हणून कित्येक जण फडातून थेट डोंगराची वाट धरतात. सपाटीला अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर ट्रक वेगात धावतो, आणि अक्कलकुव्याहून मोलगीकडे वळला की देवगोईचा घाट लागतो. ड्रायव्हर सांगतो, "स्टिअरिंग थरथरतंय." मालक म्हणतो, "हंगाम संपू दे, मग बघू." हे "मग बघू" घाटात जिवावर बेतू शकते. म्हणून थरथर कशाची, हे आपणच ओळखायला शिकू.

आधी वेग पाहावा. ट्रकचे चाक ६० किलोमीटरच्या वेगाला सेकंदाला सुमारे ५ फेरे घेते. रिमच्या आत एका बाजूला अर्धा किलो काळी माती वाळून बसली असेल, तर या वेगाला ती सुमारे १३ किलोचा झटका दर फेऱ्याला देते. ३० च्या वेगाला हाच झटका जेमतेम ३ किलोचा असतो. वेग दुप्पट, तर झटका चौपट! म्हणून शेतरस्त्यावर गुण्यागोविंदाने चालणारी गाडी हमरस्त्यावर थरथरते.

आता खुणा पाहू.

१) ठरावीक वेगालाच थरथर : चाकाचे बॅलन्स गेले. आधी रिम आतून खरवडून धुवावे, मग बॅलन्सिंग करावे. हाताला जाणवले तर दोष बहुधा पुढच्या चाकात; सीटला जाणवले तर मागच्या.

२) हळू चालतानाही डुलते : टायरला पोट आले आहे किंवा रिम वाकले आहे. असा टायर लगेच काढावा. तो केव्हाही फुटेल.

३) फक्त ब्रेक दाबताच : ब्रेकचा ड्रम गोल राहिलेला नाही.

४) खड्ड्यात आदळल्यावर सुरू होते आणि गाडी अगदी हळू केल्याशिवाय थांबत नाही : किंगपिन, टायरॉडचा जॉइंट किंवा चाकाचे बेअरिंग ढिले. ही सर्वांत धोक्याची खूण. इथे बॅलन्सिंगवर पैसे घालून उपयोग नाही.

तपासणी सोपी आहे. गाडी रिकामी व सपाट जागी असावी. मागच्या चाकांना दगड लावून पुढचा एक्सल जॅकने उचलावा, खाली मजबूत ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकवर विसंबू नये. चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. खेळ थांबला तर बेअरिंग, तरीही राहिला तर किंगपिन. चाक डावी-उजवीकडून धरून हलवले आणि खेळ आला, तर टायरॉडचे जॉइंट पाहावेत. मग चाक फिरवून जवळ खडू धरावा. डुलणारे रिम लगेच दिसते. शेवटी सगळे नट समोरासमोरच्या जोडीने आवळावेत.

पहिल्या खुणेची गाडी वेग कमी ठेवून गॅरेजपर्यंत नेता येईल. दुसऱ्या आणि चौथ्या खुणेची गाडी मात्र भरू नये, मग खेप बुडाली तरी चालेल. ऊस एक दिवस उशिरा गेला तर वजनात थोडी घट येईल. गाडीतला माणूस मात्र होळीला घरी पोचलाच पाहिजे.