एपी की आयबी? नातीच्या शाळेचा प्रश्न

प्रश्न : माझी नात अमेरिकेत, टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहते. सध्या नववीत आहे. तिच्या शाळेत पुढे ‘एपी’ आणि ‘आयबी’ असे दोन मार्ग आहेत. मुलगा म्हणतो एपी, सून म्हणते आयबी. फोनवर दोघंही मला आपापली बाजू ऐकवतात आणि मला दोन्हींतलं काहीच कळत नाही. नातीला फिजिक्स-केमिस्ट्री आवडतं, आणि चित्रं तर ती लहानपणापासून काढते. चांगल्या विद्यापीठात प्रवेश मिळायला यातलं कोणतं बरं?
— एक आजी, सांगली

उत्तर : आजी, आधी दोन्हींची ओळख करून देतो, म्हणजे पुढच्या फोनवर तुम्हालाच दोन प्रश्न विचारता येतील.

एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. कॉलेज बोर्ड ही अमेरिकी संस्था १९५५ पासून हा कार्यक्रम चालवते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा एखादा विषय शाळेतच शिकायचा आणि मे महिन्यात त्याची परीक्षा द्यायची. गुण १ ते ५ असे मिळतात. असे सुमारे चाळीस विषय आहेत. कुणी एकच घेतो, कुणी आठ-दहा घेतो. शाळेत तो विषय नसला तरी घरी अभ्यास करून नुसती परीक्षा देता येते.

आयबीचा डिप्लोमा सुटा मिळत नाही, तो दोन वर्षांचा अख्खा अभ्यासक्रम आहे. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात उभी राहिली. आईवडिलांच्या नोकरीपायी देशोदेशी फिरणाऱ्या मुलांना कुठल्याही विद्यापीठात चालेल असं एक प्रमाणपत्र हवं होतं, ही त्यामागची गरज. आपल्याकडे मुळशी तालुक्यातल्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजात हाच डिप्लोमा शिकवतात. यात सहा विषय असतात. त्यांतले साधारण तीन वरच्या पातळीवर, प्रत्येकी २४० तासांचे, आणि बाकीचे १५० तासांचे. प्रत्येक विषयाला ७ गुण. शिवाय स्वतः निवडलेल्या विषयावर चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध आणि ‘आपल्याला जे कळतं ते कसं कळतं’ याचा विचार करायला लावणारा एक वर्ग, या दोहोंचे मिळून ३. एकूण ४५. उत्तीर्ण व्हायला किमान २४ लागतात. त्याखेरीज कला, खेळ आणि समाजसेवा यांत दोन वर्षं काहीतरी केलेलं दाखवावं लागतं. त्याला गुण नाहीत, पण ते टाळताही येत नाही.

आता नातीकडे येऊ, कारण खरी अडचण तिच्या आवडींत आहे. आयबीचे सहा विषय सहा गटांतून घ्यायचे असतात: एक साहित्याची भाषा, एक दुसरी भाषा, एक समाजशास्त्र, एक विज्ञान, गणित, आणि सहावा कलेचा. तो सहावा सोडून त्या जागी दुसरं विज्ञान घ्यायची मुभा आहे. म्हणजे तिनं फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही घेतलं की चित्रकलेला जागा उरत नाही. एपीत फिजिक्स, केमिस्ट्री, कॅल्क्युलस आणि ड्रॉइंग असं सगळं घेता येतं. ड्रॉइंगला तर लेखी पेपरच नाही. एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करत केलेल्या कामाच्या १५ प्रतिमा आणि निवडक ५ चित्रं पाठवायची. त्या पंधरांत फसलेले प्रयोग, कच्ची रेखाटनंही चालतात. मुलगी विचार कसा करत गेली हे त्यांना बघायचं असतं. हाडाच्या चित्रकाराला याहून चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही. आयबीत चित्रकला अगदीच हद्दपार होते असं मात्र नाही. तो चार हजार शब्दांचा निबंध ती रंगद्रव्यांच्या रसायनावर लिहू शकेल.

फिजिक्समध्येही फरक आहे. एपीचं ‘फिजिक्स सी’ कॅल्क्युलस वापरून शिकवतात, आयबीच्या फिजिक्समध्ये त्याची गरज जवळजवळ पडत नाही. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर याला महत्त्व आहे.

प्रवेशाचं म्हणाल, तर अमेरिकी विद्यापीठं या दोहोंत डावं-उजवं करत नाहीत. त्या शाळेत जे अवघड विषय मिळत होते ते मुलीनं घेतले का आणि त्यांत तिचं कसं चाललं, एवढं बघतात. वेळापत्रक मात्र वेगळं पडतं. दहावी-अकरावीत दिलेल्या एपीचे गुण अर्ज भरण्याआधी हातात असतात. आयबीच्या बहुतेक परीक्षा बारावीच्या मे महिन्यात आणि निकाल जुलैत, तोवर अमेरिकेतले प्रवेश ठरून गेलेले असतात. ब्रिटनमध्ये उलट, तिथे शाळेनं वर्तवलेल्या गुणांवर जागा देऊ करतात आणि निकाल तेवढा लागला तरच ती पक्की होते. केंब्रिज साधारण ४१-४२ मागतं. एपीच्या मुलांकडून पाच विषयांत ५ गुणांची अपेक्षा धरतं.

टेक्सासची गोष्ट आणखी निराळी. तिथे १९९७ च्या कायद्यानं, वर्गात पहिल्या दहा टक्क्यांत येणाऱ्या मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठानं ही मर्यादा २०२६ च्या प्रवेशांसाठी पाच टक्क्यांवर आणली आहे. तेव्हा शाळा वर्गातला क्रमांक लावताना एपी आणि आयबीच्या विषयांना किती वजन देते, हे सुनेनं आणि मुलानं आधी विचारावं. हा आकडा शाळेच्या छापील माहितीत सापडतो, आणि त्या दोघांच्या वादातला बराच भाग तिथेच मिटेल.

फीची बचत हा मुलाचा मुद्दा असणार. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत आयबी डिप्लोमा मिळवून प्रत्येक परीक्षेत किमान ४ गुण असतील तर कायद्यानं २४ क्रेडिट मिळतात. पदवीला साधारण १२० लागतात. एपीत बहुतेक विषयांना ३ वर क्रेडिट मिळतं. पण हे टेक्सासपुरतं. कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही, आणि डार्टमथनं २०१८ च्या पदवी-तुकडीपासून ते बंद केलं. नात कुठे जाणार हे ठरल्याशिवाय या बचतीचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

माझं मत विचाराल, तर या मुलीसाठी मी एपीकडे झुकतो. दोन विज्ञानं आणि चित्रकला एकत्र ठेवायला तिला तिथेच जागा आहे. लिहिण्याची शिस्त लागावी म्हणून त्यात ‘सेमिनार’ हा विषय जोडावा. मात्र ती जर भरपूर वाचणारी, वाद घालणारी आणि दोन वर्षं नेटानं एका कामाला लागणारी असेल, तर आयबीचा तो निबंध तिला जे देईल ते एपीच्या चार पेपरांतून मिळणार नाही, आणि सुनेचं म्हणणं त्या बाबतीत खरं आहे. दोन्ही रस्त्यांवर, फिजिक्स कोण शिकवतं हे बघा. वरच्या पातळीचं फिजिक्स सगळ्या आयबी शाळांत असतंच असं नाही.

एक शेवटचं. एपीत परदेशी भाषा आहेत, पण भारतीय एकही नाही. आयबीत शाळेत शिक्षक नसलेल्या मातृभाषेचं साहित्य, शाळेच्या देखरेखीखाली स्वतः वाचून, खालच्या पातळीवर घेता येतं. घर आयबीवर ठरलं, तर मराठीची परवानगी मिळेल का, हे शाळेच्या समन्वयकाला दहावीतच विचारायला सांगा. भाषा नेहमीच्या यादीत नसेल तर विनंती बरीच आधी पाठवावी लागते.